गाढवाचा डोळा

कात्रणबाईंना चिडवायचं असेल तर फार कष्ट नकोत. त्यांच्या गोधडीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "वा, काय छान ठिगळं लावलीत!" मग पुढचा अर्धा तास आपला नाही, एवढी मनाची तयारी ठेवायची.

ठिगळ भोकावर लावतात, असं त्या तुम्हाला ऐकवतील. जिथं भोकच नाही तिथं ठिगळ कसलं लावणार, कपाळाचं? त्यांची गोधडी म्हणजे चित्र असतं. आधी मांजरपाटावर पेन्सिलीने आकार काढायचा. मग छापील कापडाचे तुकडे घ्यायचे: कुणाच्या फ्रॉकवरचं फूल, कुणाच्या उशीच्या अभ्र्यावरचं पान, पायजम्याची रेघ. चित्रकार रंगावर रंग चढवतो तसे ते एकाशेजारी एक, एकावर एक चिकटवत जायचं. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध गोंदाचा एक ठिपका, बस्स. चित्र जमलं की खाली कापसाचा थर, त्याखाली अस्तर, आणि वरून मशीनचे टाके, अर्ध्या अर्ध्या बोटाच्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि कडा मुडपायच्या नाहीत. कापल्या तशा मोकळ्या ठेवायच्या. सगळं भांडण होतं ते या कडांवरून.

भांडण कुणाशी? घरातच. सायकलच्या दुकानावर दोन मजली शिवणशाळा होती, तिच्या मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. आणि मोठ्या बाई म्हणजे कात्रणबाईंची थोरली जाऊ. म्हणजे दिवसा शाळेत वरिष्ठ, संध्याकाळी घरात वरिष्ठ. एकाच घराच्या वरच्या मजल्यावर त्या, खालच्या मजल्यावर ह्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा दोघींचाही स्वभाव. एका घरात अशा दोन बायका अडतीस वर्षं कशा नांदल्या, ते त्या घराच्या भिंतींनाच विचारा.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात जाऊबाईंनी धाकटीला शाळेत नेऊन बसवलं. काम दिलं, पोस्टमास्तरांचा शर्ट. बदामी कापड, त्यावर बारीक तांबडी रेघ. धाकटीने कापड दुहेरी न घालता एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसरी कापताना नमुना उलटा ठेवायला विसरली. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. कापड संपलेलं. सगळ्या मुलींसमोर जाऊबाई म्हणाल्या, "गाढव आहेस का गं तू?"

मुली हसल्या. धाकटी रडली नाही. तिने त्या दोन डाव्या बाह्या घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवल्या. पुढे ती काजं, बटणं, रफू असं सगळं शिकली, शिकवायला लागली, पण कापताना खाली पडणारं एक कात्रण तिने कधी केरात जाऊ दिलं नाही. पिशव्या भरल्या, मग खोकी भरली, मग पलंगाखालची जागा. "एक ना धड, भाराभर चिंध्या," जाऊबाई म्हणायच्या. कात्रणबाई हे नाव तेव्हा पडलं, आणि ज्यांनी चिडवायला पाडलं त्यांची पंचाईत झाली, कारण बाई त्या नावाला झटकन ओ द्यायला लागल्या.

चिंध्यांतून चित्रं करायला त्यांना कुणी शिकवलं नाही. करून, बिघडवून, उसवून, परत करून त्या शिकल्या. आणि शिकल्यावर त्यांनी पहिलं मोठं चित्र केलं ते गाढवाचं. खऱ्या गाढवाएवढं! चार पायांवर घट्ट उभं, मान किंचित वळवलेली, बघणाऱ्याकडे रोखून बघणारं. त्या गाढवाच्या अंगात राखाडी कापडाचा एकही तुकडा नव्हता. निळ्या चौकड्या होत्या, जांभळी फुलं होती, लहान मुलांच्या झबल्यावरची बदकं होती. जवळून बघितलं तर नुसता बाजार. दहा पावलं मागे गेलं की गाढव. आणि कान? दोन्ही कान बदामी, त्यावर बारीक तांबडी रेघ.

राहता राहिला डोळा. काळ्या बुबुळात चमक हवी होती. घड्याळजींच्या, म्हणजे नवऱ्याच्या, जुन्या शर्टाच्या कॉलरमधून त्यांनी मसुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका कापला. घड्याळजी घरीच घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या चिमट्याने तो ठिपका गोंदावर टेकवला, आणि गाढव जिवंत झालं. घड्याळजी भिंग डोळ्यावरून काढून म्हणाले, "अरे वा! हे तर आता बोलेल." नवऱ्याने स्तुती करायचा योग वर्षातून एकदाच यायचा. कात्रणबाई हरखल्या. मग टाके घालताना मशीन डोळ्याशी आलं तेव्हा त्यांनी सुई अलगद बाजूने वळवली. चमकेत भोक कशाला पाडा? नंतर घालू हाताने एक टाका, असं म्हणाल्या. आणि विसरल्या.

गाढव शाळेच्या जिन्याशी टांगलं गेलं. मोकळ्या कडांना नाकं मुरडत जाऊबाईंनी ते टांगू दिलं, कारण तिथं भिंतीला ओल आली होती आणि ती झाकायला काहीतरी हवंच होतं. पण ते गाढव बघून माणसं वर चढायला लागली, हे काही आम्हा कुणाच्या सांगण्यावर नाही, शाळेच्या हजेरीपटावर आहे. दर बुधवारी चित्रगोधडीचा वर्ग सुरू झाला. दोन वर्षांचा, शेवटी परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र.

या खेपेला वर्गात नऊ जण. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर होते, आयुष्यभर "पुढे सरका" म्हणून दमलेले. आणि एक हॉस्पिटलातली आया होती. ही फार कमी बोलायची. लहान मुलांच्या वॉर्डात काम करायची. अंथरुणाला खिळलेल्या मुलांना कापडाची चित्रं शिकवायला हॉस्पिटलला माणूस हवं होतं, आणि ती जागा तिला मिळणार होती, मात्र हातात शाळेचं प्रमाणपत्र हवं. झाडू सोडून कात्री हातात घ्यायची एवढी एकच संधी होती तिला.

कात्रणबाई शिकवायच्या म्हणजे ओरडायच्या. "डोळे बारीक कर आणि बघ! रंग बघू नकोस, उजेड बघ, अंधार बघ." खोलीत सातच पावलं मागे जाता यायचं, म्हणून प्रत्येकाला दारात पिटाळायच्या, "जा, दारातून बघ तुझं पाप." आणि एक नियम त्यांनी नऊ जणांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: "गोंद दोन दिवसांचा पाहुणा. धरून ठेवते ती सुई. मसुरीएवढा तुकडा असला तरी त्यातून सुई गेलीच पाहिजे!" कंडक्टरांनी मागून येणाऱ्या प्रवाशाला सोडून निघालेली बस केली होती, आणि त्या प्रवाशाच्या शर्टाची बटणं तुरीच्या दाण्याएवढीही नव्हती. प्रत्येक बटणातून बाईंनी त्यांच्याकडून टाका घालून घेतला. आयाने वॉर्डातली चाकाची खुर्ची केली होती. रिकामी, पण नुकतंच कुणीतरी उठून चालत गेल्यासारखी.

परीक्षेच्या दिवशी मंडळाकडून तपासनीस बाई आल्या. हातात पट्टी, भिंग आणि नियमांचं पुस्तक. नऊ गोधड्या दोरीवर टांगलेल्या. त्यांनी एकेक तपासली, आणि एकेकीच्या कागदावर तेच वाक्य लिहीत गेल्या.

"या सगळ्यांच्या कडा कच्च्या आहेत," त्या म्हणाल्या.

"आहेत," कात्रणबाई म्हणाल्या.

"मुडपलेल्या नाहीत."

"नाहीत. गाढवाच्या अंगावरचे केस काय मुडपून शिवू?"

मागे कंडक्टर फिसकन हसले. जाऊबाईंनी नुसतं बघितलं, ते गप्प झाले.

तपासनीस बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी शांतपणे पुस्तक उघडून दाखवलं. गोधडी धुता आली पाहिजे. धुता येत नाही ती गोधडी नव्हे, शोभेची वस्तू. "एका धुण्यात हे सगळं बादलीत येईल, बाई. मी नऊच्या नऊ जणांच्या कागदावर तसं लिहिलंय. नापास."

आयाने आपल्या गोधडीचा कोपरा मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली. ती मूठ कात्रणबाईंनी बघितली आणि त्यांचं डोकं फिरलं.

"धुऊन दाखवते!"

"काय?"

"गाढव! माझं. जिन्याशी आहे ते. साबण लावून, चोळून, पिळून. तुमच्या डोळ्यांदेखत. एकही तुकडा सुटला नाही तर हे नऊ जण पास करायचे. आणि एक जरी सुटला, तर मी या शाळेत पुन्हा शिकवायला उभी राहणार नाही. लिहून घ्या!"

"अगं, जीभ आवर," जाऊबाई म्हणाल्या. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अवलक्षणच मी, जाऊबाई. तुम्हीच नाव ठेवलंय माझं, अडतीस वर्षांपूर्वी."

झालं. तपासनीस बाईंनी मान डोलावली. जाऊबाई साक्षीदार. कंडक्टरांनी आणि वर्गातल्या दोघींनी मिळून गाढव उतरवलं. मागच्या अंगणात नळाखाली मोठा टब होता, नवं कापड कापण्याआधी भिजवायला. त्यात पाणी सोडलं, साबण घातला, आणि दीड वर्षाचं काम कात्रणबाईंनी दोन्ही हातांनी पाण्यात दाबलं. कुणीतरी तोंडात बोटं घातली. बाई बाह्या वर करून चोळत होत्या. पाठ चोळली, पाय चोळले, कान तर असे चोळले की जाऊबाई टबाजवळ येऊन वाकल्या. ओल्या कापडावर तांबडी रेघ ठळक झाली होती. त्या बराच वेळ त्या कानांकडे बघत राहिल्या.

कान सुटले नाहीत. पाठ सुटली नाही. आता तोंड. कात्रणबाईंनी तळवा गाढवाच्या डोळ्यावर ठेवला, आणि एकदम त्यांना आठवलं. टाका! तो एक टाका!

हात उचलला तर फेसात, अंगठ्याच्या नखाला चिकटून, पांढरा ठिपका.

कुणाला दिसलं नसणार. फेस पांढरा, ठिपका पांढरा. नळाखाली नुसता हात धरला असता तर मोरीतून गेला असता आणि विषय संपला असता. एवढ्या तुकड्यांत हा एक, दाण्याएवढा, आणि तिकडे आयाची मूठ. खोटं का बोलू, बाईंचा हात नळाकडे गेला. अर्ध्यावर गेला. आणि मग त्यांना स्वतःचाच संताप आला. दोन वर्षं लोकांच्या डोक्यावर बसून जो नियम शिकवला तो स्वतः पाळला नाही, आणि वर आता लपवायचं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांनी हात वर केला.

"सुटला. एक सुटला. डोळ्यातला."

तपासनीस बाईंनी भिंगातून ठिपका बघितला. "टाका नाही याला," त्या म्हणाल्या.

"नाही. घातलाच नव्हता. चुकलं माझं." बाईंचा आवाज एवढासा नव्हता, चांगला खणखणीत होता. "मी शब्द दिला तसं उद्यापासून मी वर्गात नाही. पण कडा सुटल्या का? एक कड सुटली का, ते सांगा!"

"शर्त तुकड्याची होती," तपासनीस बाई म्हणाल्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी कागद गोळा केले.

तेव्हा आया बोलली.

"बाई, माझ्या कागदावर काय लिहिलंय तुम्ही?"

"धुण्यात टिकणार नाही."

"माझी धुतलीय कुठे अजून?"

तपासनीस बाई थांबल्या. आयाने उत्तराची वाट बघितली नाही. आत गेली, दोरीवरून आपली खुर्ची ओढून काढली, आणि टबात टाकली. हॉस्पिटलच्या चादरी धुतलेले हात ते, त्यांनी जी चोळायला सुरुवात केली, ती बघून कात्रणबाईंनाच घाबरायला झालं. "अगं हळू!" त्या ओरडल्या.

"हळू कशाला? सुई गेलीये सगळ्यातून," आया म्हणाली.

मग कंडक्टर आले बस घेऊन. मग बाकीचे सात. कुणी कुणाला विचारलं नाही. दुपारभर त्या अंगणात नुसता धोबीघाट झाला. बसचा लाल रंग कच्चा निघाला, पाणी गुलाबी झालं. कंडक्टर म्हणाले, "रंग गेला तर जाऊ दे, प्रवासी शाबूत आहे!" तपासनीस बाई मात्र पक्क्या. त्यांनी प्रत्येक वेळी टबातलं पाणी मांजरपाटातून गाळून घेतलं, आणि गाळात काय उरलं ते भिंगातून बघितलं. दोरे निघाले, सुटलेल्या दशा निघाल्या, एक मेलेला डास निघाला. तुकडा एकही नाही. नऊ गोधड्यांतून एकही नाही.

मग तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या. नऊ कागद पुढ्यात घेतले, आपलंच वाक्य नऊ वेळा रेघ मारून खोडलं, आणि नऊ वेळा सही केली. "पुस्तकात कच्च्या कडांबद्दल जे लिहिलंय, ते लिहिणाऱ्यांनी हे बघितलं नसावं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून तेवढंही खूप होतं.

कंडक्टरांनी टाळी वाजवली. कात्रणबाईंनी आतून वर्गाची किल्ली आणली आणि जाऊबाईंच्या हातावर ठेवली. आया पुढे आली, "बाई, आता कशाला? पास झालो की आम्ही."

"तू झालीस. मी नाही झाले," बाई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

घरी घड्याळजींनी सगळं ऐकलं. भिंग खाली ठेवून म्हणाले, "चूक माझीच. मीच उगाच वा म्हटलं."

"म्हणूनच तुम्ही वर्षातून एकदा म्हणता ते बरं आहे," कात्रणबाई म्हणाल्या. आणि आत जाऊन रडल्या. हो, रडल्या. का रडू नये? वर्ग त्यांचा जीव होता. शब्द पाळला म्हणून पोटातलं दुखणं थोडंच थांबतं?

पण रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, आणि तोंड धुताना त्यांना एक सुचलं.

बुधवारी शाळेत प्रवेशाची टेबलं मांडली होती. चित्रगोधडीचा वर्ग बंद करायचा ठराव मोठ्या बाईंनी काही केला नव्हता. वॉर्डातलं काम सांभाळून बुधवारचा वर्ग घ्यायला त्यांनी आयाला बोलावलं होतं, आणि आया घाबरून पांढरी पडली होती. रांगेत सगळ्यात पुढे कात्रणबाई. हातात भरलेला फॉर्म. जाऊबाईंनी चष्मा लावला. विद्यार्थिनीचं वय: साठ. वर्ग: चित्रगोधडी, पहिलं वर्ष. शिवणाचा पूर्वानुभव: दोन्ही बाह्या डाव्या.

जाऊबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. पण त्या हसल्या असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

"शिकवणार नाही म्हणाले होते. ते पाळते," कात्रणबाई म्हणाल्या. "शिकायला बसते. काढा मला बाहेर, काढायची असेल तर!"

जाऊबाईंनी सही केली. शिक्का मारला. आणि फॉर्म परत देताना हळूच म्हणाल्या, "अंगठ्यावरचा तो ठिपका मला दिसला होता. टबाशी मीच सगळ्यात जवळ होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय करतेस ते बघत होते. तू हात वर केला नसतास, तर मी केला असता."

"माहीत आहे मला," कात्रणबाई म्हणाल्या. "आणि ते कान?"

"ते बघितले." जाऊबाईंनी चष्मा काढून पुसला. "बाह्या म्हणून चुकल्याच होत्या. कान म्हणून बऱ्या आहेत. जा आता, तास सुरू होईल. उशिरा आलेल्यांना मी बसू देत नाही."

वर्गात आया फळ्यापाशी उभी होती, खडू घट्ट धरून. नवे अकरा जण, आणि मागच्या बाकावर तिच्या बाई. पास झालेले कंडक्टर दारातून डोकावून म्हणाले, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" सगळे हसले, आणि आयाच्या खांद्यांतला ताठा जरा उतरला. तिने खडू खाली ठेवला. टेबलाखालून वाळलेलं गाढव काढलं आणि थेट मागच्या बाकावर नेऊन पसरलं. डोळ्यात नुसता काळोख. शेजारी एक डबी ठेवली. डबीत पांढरा ठिपका, त्या दिवशी तिनेच उचलून ठेवलेला.

"आधी हा डोळा, बाई. मग नवीन काम," आया म्हणाली. "मसुरीएवढा तुकडा असला तरी त्यातून..."

"माहीत आहे, माहीत आहे!"

"माहीत होतं ना? मग घाला."

कात्रणबाईंनी सुईत दोरा ओवला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा गेला. ठिपक्याच्या अगदी मधून टाका घातला, खाली ओढला, गाठ मारली. मग सवयीने उठून दारापर्यंत गेल्या आणि डोळे बारीक करून बघितलं. चमक थोडी कमी झाली होती. पण गाढव बघत होतं, तसंच रोखून.

"कडा मात्र मुडपणार नाही हं," त्या दारातून म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवते."

"मुडपा म्हणालं कोण?" आया म्हणाली. "या, बसा जागेवर. तास चालू आहे."

आणि कात्रणबाई जागेवर जाऊन बसल्या.